मूठ घट्ट करा

३ मार्च, मंगळवार. दुपार.

सगळं बदललं ते आज सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी.

लोकांना वाटतं माझं आयुष्य बारा आठवड्यांपूर्वी बदललं, आत्याची किडनी माझ्या पोटात बसवली तेव्हा. छे. तेव्हा मी बेशुद्ध होतो. बेशुद्ध माणसाचं काय डोंबल बदलणार? आज मी पूर्ण शुद्धीत, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दोन नंबरच्या टेबलापाशी उजवा हात पुढे करून बसलो होतो (डाव्या हातात डायलिसिसची शीर आहे, तो राखीव). आणि नवीन आलेली ती म्हणाली, मूठ घट्ट करा.

एवढंच. पण म्हणण्याची पद्धत! मी मूठ अशी आवळली की बोटांची पेरं पांढरी पडली. मग म्हणाली, सोडा. सुई कधी गेली, कधी आली, पत्ता नाही. आजवर टोचलेल्या दीडेकशे सुयांमधली न दुखलेली ही पहिली. एक नंबरवरचा मिशीवाला टोचतो तेव्हा भिंतीत खिळा ठोकल्यासारखा आवाज येतो. निदान मला येतो.

तिच्या गळ्यातलं कार्ड उलटं होतं. नाव दिसलं नाही. काही घाई नाही. दर मंगळवारी रक्त द्यायचंच आहे.

४ मार्च, बुधवार

आजपासून नियमित लिहायचं. संकल्प: राग सोडणे, गोळ्या वेळेवर घेणे, नाव शोधणे.

राग सोडणं अवघड नाही. मी मुळात तापट नाहीच, लोक मला तापवतात. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं ते काही आजारामुळे नाही, आजार नंतर निघाला. प्राचार्यांशी तात्त्विक मतभेद झाले. केबिनचं दार आपटून बाहेर पडलो. कडी निघून हातात आली. ती अजून माझ्याकडे आहे.

आईबाबा गावी दुकान सांभाळतात. दोघांनाही शुगर, म्हणून त्यांची किडनी चालली नाही. बाबांची बहीण पुढे आली. तिनेच मला हॉस्पिटलजवळ म्हणून तिच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलंय. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत मी. माझ्या गोळ्या तिने बटणांच्या डब्यात लावल्यात: सात खण, प्रत्येक खणात सकाळची आणि रात्रीची पुडी.

आत्या मला कधीच विचारत नाही की तू कसा आहेस. रोज सकाळी मशीनवरून मान न उचलता विचारते, माझी कशी आहे?

मी म्हणतो, मजेत आहे.

६ मार्च, शुक्रवार

हात थरथरतोय. सकाळी चहाचा कप बशीत टकटक वाजत होता. झोप नाही. भूक मात्र राक्षसासारखी. आरशात पाहिलं तर चेहरा भरलाय, गालांना तेज आलंय. लक्षणं स्पष्ट आहेत. हे प्रेम आहे.

डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की थरथर एका गोळीची, झोप जाणं, भूक आणि गाल दुसऱ्या गोळीचे. चिडचिडही तिचीच. त्यावर आत्या डॉक्टरांना म्हणाली, चिडचिडीचं बिल गोळीवर फाडू नका, हा जन्मतः असाच आहे. डॉक्टर हसले. मी नाही हसलो.

हृदयाचे डॉक्टर असते तर कळलं असतं. हे बिचारे किडनीचे.

१० मार्च, मंगळवार

आज थोडं बुद्धीने काम घेतलं.

लॅबची पद्धत माझ्या लक्षात आलीय. टोकन विषम आलं तर एक नंबर टेबल, सम आलं तर दोन नंबर. म्हणजे सम म्हणजे ती. मला आलं सतरा. मागे बसलेल्या काकांना अठरा. मी नम्रपणे म्हटलं, काका, तुम्ही आधी जा, वयाचा मान. काका खूश. त्यांची किडनी अकरा वर्षांपूर्वीची. म्हणतात, शाळेत घातली असती तर आता पाचवी-सहावीत असती. मिशीवाल्याकडून परत आले तेव्हा दंड धरून बसले आणि म्हणाले, तरुण, पुढच्या वेळी माझ्या वयाचा मान नको ठेवूस.

या सगळ्या धांदलीत एक किरकोळ गोष्ट झाली. रोज सकाळी आठला मोबाईल वाजतो आणि मी गोळी घेतो. तपासणीच्या दिवशी मात्र ती गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते. रात्रीची गोळी ओसरत ओसरत अंगात तळाला किती उरलीय ते मोजायचं असतं म्हणे. तर आज रांगेत आठ वाजले, मोबाईल वाजला, आणि डोकं अठरा नंबरात असल्यामुळे हाताने पुडी उघडून गोळी तोंडात टाकली. पाणीही प्यायलो. मग आठवलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने विचारलं, सकाळची गोळी घेतली नाहीये ना?

घेतली म्हणालो असतो तर तिने उद्या या म्हटलं असतं. बुधवारी ती वरच्या मजल्यावर असते (चौकशी केलीय). बुधवारी दोन्ही टेबलं मिशीवाल्याची.

नाही म्हणालो.

मूठ घट्ट केली. सोडली. कार्ड उलटंच.

११ मार्च, बुधवार

औषधाची लेव्हल १८.६! पाहिजे होती आठ ते दहा. आयुष्यात कुठल्याच विषयात मला पाहिजे त्याच्या दुप्पट मार्क पडले नव्हते.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. गोळी घेऊन आला नव्हतास ना, असं त्यांनीही विचारलं. आता लॅबमध्ये एक आणि इथे एक असं बोलणं मला शोभत नाही. मी शब्दाचा पक्का आहे. नाही म्हणालो. मग त्यांनी गोळी निम्मी केली आणि म्हणाले, यापुढे आठवड्यातून दोनदा रक्त. मंगळवार आणि शुक्रवार.

दोनदा!

१३ मार्च, शुक्रवार

आज ती स्वतःहून बोलली. म्हणाली, तुमची लेव्हल फारच वर गेली होती ना? काही त्रास होतोय का?

किती काळजी. मी म्हटलं, त्रास असा नाही, पण रात्री झोप लागत नाही. ती म्हणाली, ते डॉक्टरांना सांगा. म्हणजे तिला माझ्या झोपेचीही काळजी.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी. लेव्हल सरळ झाली की शुक्रवार गेला. मग आठवड्यातून एकच मंगळवार. म्हणून आज गोळी आठलाच घेतली. मुद्दाम. यात गैर काही नाही. गोळी मी घेतोच आहे, चुकवत नाही. रक्ताच्या तासभर आधी काय, नंतर काय. गोळीला थोडंच घड्याळ कळतं?

तिने विचारलं. नाही म्हणालो. आता सवय झाली.

१७ मार्च, मंगळवार

शुक्रवारची लेव्हल १३. डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली. क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, किडनी कसं काम करते ते सांगणारा, कमी तितका बरा. तो माझा १.२ असायचा, आता १.३ आलाय. पॉइंट एक. एवढं तर आत्या शिवणीत धरते.

आनंदाची बातमी: हाताची थरथर पूर्ण थांबली. चहाचा कप बशीत शांत. प्रेमाची पहिली वादळी अवस्था संपून ते आता स्थिरावलंय, असा याचा अर्थ.

टोकन एकवीस आलं होतं. एका बाईंशी बदलून बावीस घेतलं. काका लांबून बघत होते आणि दाढीत हसत होते.

२० मार्च, शुक्रवार

बूट आवळतायत. नवे घेऊन दीड महिना नाही झाला. दुकानात जाऊन मालकाला सुनावलं, हे काय चामडं आहे, पाऊस नाही पाणी नाही, आपोआप आकसतं? तो म्हणाला, साहेब, बूट आकसत नाहीत, पाय बघा. असल्या उद्धट माणसाशी काय बोलणार. दार आपटून आलो.

लॅबमध्ये हे सुख नाही. तिथल्या काचेच्या दाराला वरून लोखंडी दांडा बसवलाय. कितीही जोरात ढकला, ते आपलं सावकाश, विचार करत करत लागतं. असली दारं माझ्या स्वभावाला मानवत नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

ओपीडीतल्या वजनकाट्याशी भांडण. दहा दिवसांत अडीच किलो? काटा मोडका आहे असं तिथल्या सिस्टरला स्पष्ट सांगितलं. ती स्वतः काट्यावर चढली, उतरली, म्हणाली, माझं तर कालच्याएवढंच आहे.

क्रिएटिनिन १.५. बीपीही वर. डॉक्टर कागद पुढेमागे करत राहिले. म्हणाले, औषध अंगात जास्त झालं की तेच किडनीला त्रास देतं, तुझी लेव्हल अजून वरच आहे, आणखी कमी करून बघू. मी मान डोलावली. समजूतदार पेशंट म्हणून त्यांचं माझ्याबद्दल चांगलं मत आहे.

पण जाताना त्यांनी आत्याला परत तो पिवळा कागद दिला. पहिला तिने शिवणयंत्राच्या वर चिकटवलाय, हा दुसरा माझ्या पलंगासमोर. वजन वाढणं, पायाला सूज, लघवी कमी, ताप, किडनीच्या जागी दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी फोन करा. पाठ आहे मला. माझ्यात यातलं एकही नाही. काटा मोडका आणि बूट भिकार.

२६ मार्च, गुरुवार

आत्या लघवीचं माप ठेवते. बाथरूममध्ये खुणा केलेली बरणी आणि खिळ्याला अडकवलेली वही, तिच्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीसारखीच. मी लिहायचं, तिने संध्याकाळी बेरीज करायची. आज तिने विचारलं, रोज बरोब्बर दोन हजार? माझी किडनी घड्याळ लावून बसलीय का?

म्हटलं, राउंड फिगर लिहितो, हिशेबाला सोपं.

ती चष्म्यावरून बघत राहिली. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं तेव्हा ती असंच बघते.

संकल्प: उद्या तिच्याशी (आत्याशी नव्हे) मोकळेपणाने बोलायचं. वाक्य तयार आहे: तुमच्या हातची सुई मला दुखत नाही, असं का बरं असेल? साधं, पण आत खोल. आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं. मास्क लावून चार वेळा.

२७ मार्च, शुक्रवार

वाक्य बोलायची वेळच आली नाही. तिने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली आणि थांबली. म्हणाली, हात गरम लागतोय. ताप आहे का?

तिचा हातमोजा घातलेला हात, माझा हात, आणि हा प्रश्न. मी काय उत्तर देणार? म्हटलं, उन्हातून आलो. ती म्हणाली, डॉक्टरांना आजच्या आज दाखवा. मी म्हटलं, हो. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्याबद्दल लिहिलं!

घरी येऊन थर्मामीटर लावला. शंभरला थोडा कमी. प्रेमाची ऊब एवढी असणारच. डॉक्टरांकडे सोमवारी जाणारच आहे.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळ. वॉर्डमधून.

सकाळी उजव्या कुशीत, किडनी बसवलीय तिथे, जड वाटत होतं. मी जरा वाकून चाललो. आत्या मशीन थांबवून म्हणाली, इकडे ये. मी म्हटलं, काही नाही गं, झोपेत अवघडलं. ती म्हणाली, ये म्हटलं ना गाढवा.

तिने कुशीवर हात ठेवला. मी ओरडलो नाही. पण श्वास अडकला तो तिला कळला. मग खाली वाकून तिने माझ्या पोटरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत बसलो. भरायलाच तयार नाही.

आत्याने गिऱ्हाइकाचं ब्लाऊज अर्धवट टाकलं, कात्री जागेवर ठेवली, पिवळ्या कागदावरचा नंबर फिरवला. तासाभरात मी इथे.

क्रिएटिनिन २.३.

बूटवाल्याची माफी मागायला हवी, असा एक विचार येऊन गेला.

३० मार्च, सोमवार

बायोप्सी झाली. पोटाला बधिर करून किडनीचा भाताच्या शितापेक्षा बारीक तुकडा काढतात. सहा तास उताणं पडायचं, हलायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला हलायचं नाही म्हणणं म्हणजे शिक्षाच. छताचे चौकोन मोजले. बेचाळीस. सम.

रिजेक्शन सुरू झालंय. म्हणजे माझं शरीर आत्याच्या किडनीला परकी समजून तिच्याशी भांडायला उठलंय. आत्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच. तीन स्थळं तिने नाकारली, चौथं दारातूनच परत पाठवलं. तिला कुणी नाकारलं नव्हतं. आता नाकारणार कोण, तर सख्खा भाचा, तोही आतून.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आटोक्यात येईल असं वाटतंय. पण मला एक कळत नाही. औषधाची लेव्हल एवढी वर असताना रिजेक्शन? जुळत नाही.

मी छताकडे बघत होतो.

३१ मार्च, मंगळवार

जुळलं.

इथल्या सिस्टरने पहाटे गोळीच्या आधी रक्त घेतलं. लेव्हल ३.१. शुक्रवारी लॅबमध्ये ११, आज ३.१. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत औषध असं गायब होत नाही. शिवाय शुक्रवारच्या कागदावर लॅबच्या बाईंनी शेरा मारलाय: ताप वाटतो, सकाळच्या गोळीबद्दल खात्री करावी.

(तर हे लिहिलं होतं तिने.)

आत्याने पिशवीतून बटणांचा डबा काढला. झाकण उघडलं, बंद केलं. मग शांतपणे म्हणाली, मंगळवार-शुक्रवारच्या खणातली सकाळची पुडी हा घरातून निघायच्या आधीच उचललेली असायची. मला वाटायचं, पुडी खिशात घालून नेतोय आणि रक्त दिल्यावर तिथेच घेतोय. शहाणा झालाय पोरगा.

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी खूप कारणं तयार ठेवली होती. मोबाईल वाजतो, रांग मोठी असते, टोकनची पद्धत सदोष आहे. तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. अठरा नंबर, दोन नंबर टेबल, मंगळवार, शुक्रवार, मूठ घट्ट करा. मूठ घट्ट करा का सांगितलं ते मलाही माहीत नाही.

डॉक्टरांनी जुने कागद एकाखाली एक लावले. मग म्हणाले, तू खोटं बोलत होतास आणि मी त्या खोट्यावर गोळी कमी करत होतो. तिसऱ्यांदा केली तेव्हा तुझ्या अंगात जवळजवळ काही उरलंच नव्हतं. इंजेक्शन लिहून गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आत्या रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. ती खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, कापड चुकीचं कापलं गेलं तर मी गिऱ्हाइकाला दुसरं आणून देते. हे कुठून आणू रे? माझ्याकडे दोनच होते. एक मला लागतं.

एवढंच बोलली. त्यानंतर मी उशीत तोंड घातलं. ही नोंद कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

२ एप्रिल, गुरुवार

रोज सलाईनमधून मोठं इंजेक्शन, तीन दिवस. तोंडाला धातूची चव. भूक इतकी की शेजारच्या पेशंटच्या बिस्किटांचा आवाज सहन होत नाही. शुगर वाढली, म्हणून पोटावर आणखी एक सुई. थरथर परत आली. प्रेम नव्हतं तर.

क्रिएटिनिन २.१. आत्या बातमी ऐकून म्हणाली, हं. पण आज तिने सकाळी विचारलं नाही, माझी कशी आहे. मी वाट बघितली. सिस्टरला विचारलं, आत्या आली तेव्हा काही म्हणाली का? सिस्टर म्हणाली, वॉर्डचे पडदे उसवलेत म्हणाली.

दुपारी सुईदोरा घेऊन पडदे शिवत बसली. तीन पलंगांचे झाले.

५ एप्रिल, रविवार

१.७. लघवी आज खरी मोजली: अठराशे सत्तर. राउंड फिगर नाही. वहीत तसंच लिहिलं. आत्याने वाचलं, वही मिटली आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, हा आकडा खरा वाटतो, असा वेडावाकडा.

पाय बुटात जातायत. चामडं सैल झालं असावं.

१० एप्रिल, शुक्रवार

घरी. १.४.

डॉक्टर म्हणाले, १.२ परत दिसेल असं धरून चालू नका. किडनीवर एक चट्टा राहिला असणार. पण १.४ वर नीट वागलास तर खूप वर्षं जातील. ओपीडीतले ते अकरा वर्षांवाले गृहस्थ, त्यांचा १.५ आहे.

म्हणजे काकांपेक्षा मी पुढे आहे. हे डॉक्टरांनी स्वतः म्हटलं नाही, पण अर्थ तोच.

आत्याने माझ्या तिन्ही शर्टांना आतून एक चोरखिसा शिवलाय, वर बटण. तपासणीच्या दिवशी सकाळची पुडी त्यात. म्हणाली, रक्त दिल्याशिवाय बटण उघडायचं नाही. बटण लाल घातलंय, माझ्या नजरेत राहावं म्हणून. मी म्हटलं, शर्ट निळा आहे, लाल बटण कसं दिसेल? म्हणाली, तुझ्याकडे कोण बघतंय?

रात्री झोपताना मशीनच्या खोलीतून विचारलं तिने. माझी कशी आहे?

म्हटलं, १.४ आहे गं.

म्हणाली, आकडा नको सांगूस. कशी आहे?

म्हटलं, आहे. सांभाळतोय.

१४ एप्रिल, मंगळवार

लॅब. लाल बटण बंद. टोकन चोवीस, न बदलता आलं. तिने विचारलं, गोळी घेतली नाहीये ना? मी छाती पुढे काढून म्हणालो, नाही. खरं बोलताना आवाज वेगळा येतो, जरा घोगरा. तो शेरा तिनेच मारला होता, म्हणजे माझ्या किडनीवर तिचाही थोडा हक्क आहे. हे सांगायचं होतं. पण रांगेतला एक जण खाकरला. त्याला बाहेर गाठून दोन शब्द ऐकवायचे ठरवले आणि नाही ऐकवले. राग सोडणे हा संकल्प पूर्ण झाला, अशी नोंद करतो.

बाहेर काका डबा उघडून बसले होते. म्हणाले, तरुण, शुक्रवारी ये हं लवकर. दोन नंबरवाल्या बाईंचा शेवटचा दिवस. नवऱ्याची बदली झाली, दुसरीकडे चालल्यात.

नवऱ्याची.

कार्ड उलटं असल्यामुळे ही माहिती माझ्यापर्यंत पोचली नव्हती. अर्थात कार्डावर नवरा लिहीत नाहीत, ते मान्य.

१६ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस शांतपणे विचार केला. माझं प्रेम उच्च प्रतीचं आहे, नवऱ्याने त्याला बाधा येत नाही. काही मागायचं नाही. फक्त शेवटची एक सुई. मूठ घट्ट, मूठ सोड, आणि एक वाक्य: तुम्ही लिहिलंत म्हणून मी वाचलो. एवढं बोलून मागे न बघता निघून यायचं. ते वाक्य तिला जन्मभर आठवेल.

आत्याने इस्त्री करता करता विचारलं, उद्या लग्नाला चाललायस का?

१७ एप्रिल, शुक्रवार. सकाळी अकरा.

साडेसातला लॅबमध्ये हजर. टोकन चार. मिशीवाला म्हणाला, मशीन बंद आहे, नऊला सुरू करू. हरकत नाही, तेवढी तालीम. डोळे मिटून वाक्य म्हणत बसलो. तुम्ही लिहिलंत म्हणून. तुम्ही लिहिलंत, म्हणून मी. कुठे थांबायचं ते ठरत नव्हतं. आठ वाजले, मोबाईल वाजला. तुम्ही लिहिलंत म्हणून मी वाचलो. घसा कोरडा पडला होता, पाण्याचे दोन घोट घेतले.

नऊ वाजून पाच मिनिटांनी चार नंबर पुकारला. बसलो. हात पुढे केला. तिने दंडाला पट्टा बांधला. आणि कार्ड आज सुलटं होतं! पण ते वाचायला मान वाकवली तेव्हा आधी माझाच शर्ट दिसला. लाल बटण उघडं. खिसा रिकामा. पुडीचा कागद माझ्या डाव्या मुठीत.

तिने विचारलं, सकाळची गोळी घेतली नाहीये ना?

नाही म्हणायचं की झालं. शेवटची सुई, शेवटचं वाक्य. एक दिवस लेव्हल वर आली तर डॉक्टर काय करतील? गोळी थोडी कमी करतील. थोडी.

घेतली, असं कुणीतरी म्हणालं. आवाज घोगरा होता. माझाच.

तिने पट्टा सोडला. म्हणाली, बरं झालं सांगितलंत. उद्या या. आणि कुठे थांबायचं ते ठरलेलं नसतानाच मी म्हणालो, तुम्ही लिहिलंत. ती म्हणाली, काय लिहिलं? मी म्हटलं, काही नाही, उद्या येतो. ती कागदावर बघत म्हणाली, उद्या एक नंबरला यावं लागेल, मी नसेन. पुढचं टोकन, सहा.

सहा म्हणजे काका. हातात डबा, तोंडभर हसू. माझ्या खांद्यावर थाप मारून माझ्याच खुर्चीत बसले. अजून गरम असणार.

मी उठलो. कार्ड वाचायचं राहिलंच. मागे बघायचं नाही असा संकल्प होता, तो एक पाळला. काचेच्या दारातून बाहेर पडलो आणि निदान एक दार तरी नीट आपटून जावं म्हणून सगळा जोर लावून ढकललं. ते आपलं सावकाश, विचार करत करत यायला लागलं. फट बारीक होत होती. त्या फटीतून आवाज आला. त्याच पद्धतीने, तितक्याच काळजीने, काकांना.

मूठ घट्ट करा.

माझीही घट्टच होती. पुडीचा कागद आत चुरगळलेला. सोडली. मग उघड्या तळव्याने उरलेलं दार हळूच ढकललं आणि लावून घेतलं.